तांबड्या रेघेचं दुकान

मी पेंटर होतो. हल्ली भिंतीला डिस्टेंपर फासणाराही स्वतःला पेंटर म्हणवतो, म्हणून खुलासा करतो: मी अक्षरांचा पेंटर होतो. सत्तरच्या दशकात दौंडपासून शिरूरपर्यंत दुकानांवर ज्या पाट्या होत्या, त्यातल्या निम्म्या माझ्या होत्या आणि उरलेल्या बघण्यासारख्या नव्हत्या. हे मी नम्रपणे सांगतो आहे. किराणा, भुसार, सोनार, दवाखाना, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे म्हणाल ते रंगवलं. अक्षराच्या उजव्या अंगाला मी अशी सावली देत असे, की म्हातारी माणसं पाटीला हात लावून बघत. दौंडात स्टेशनजवळ माझी खोली होती. तिथं ऑइल पेंटच्या वासात मी बसलेला असे आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी पटकन मान वर करत नसे. कलावंताला तेवढी मिजास लागते असं मला वाटे. गिऱ्हाइकाला काय वाटे ते मी विचारलं नाही.

मग गावात एक मिस्त्री आले. मूळचे न्हावऱ्याकडचे. वीस वर्षं मुंबईत निऑनच्या कारखान्यात काचेच्या नळ्या वाकवून अक्षरं केलेली. वय चाळिशीच्या पुढं, फुंकून फुंकून गाल सैल पडलेले, बोटांच्या टोकांना भाजल्याचे गुळगुळीत डाग. मेहुणा रेल्वेत होता म्हणून दौंडात बिऱ्हाड केलं. बाजाराच्या मागं पत्र्याची शेड घेतली, तिच्यात भाता, गॅसचं सिलिंडर, हवा काढायचा पंप आणि काचेच्या नळ्या मांडल्या आणि दारावर तांबड्या उजेडाचा एक बाण लावला. बाण कशाकडे दाखवतो ते कुणालाच कळलं नाही, पण अख्खं दौंड तो बघून आलं. मी गेलो नाही. तीनदा शेडीवरून गेलो, पण बघायला म्हणून गेलो नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रीच माझ्याकडे आले.

"पेंटर, सोनाराची पाटी बघितली तुमची. अक्षर झ्याक हाय. मला अक्षरं काढून द्याल का?"

मुंबईत त्यांनी जन्मभर इंग्रजी अक्षरं वाकवली होती. मराठी अक्षराचा कागदावरचा साचा तिथं दुसरा कुणी काढून देई. आता शिरूरच्या पेठेतल्या एका कापडवाल्या शेठनं पुण्यात उघडझाप करणारा निऑन बघितला होता, आणि तसाच आपल्या दुकानावर हवा म्हणून हट्ट धरला होता. नाव पाच अक्षरी, सगळं मराठीत.

मिस्त्रींनी काही लपवलं नाही. "ही माझी पयली पाटी. चालली तर शिरूरची टॉकीज हाय, भांडगावच्या अंगाला लॉज हाय, सोलापूर रोडला पंप हायेत, समदीकडनं बोलावणं यील. न्हाई चालली, तर गाठोडं बांधून पुन्यांदा मुंबई, दुसऱ्याच्या कारखान्यात. मला हितं ऱ्हायचंय, पेंटर."

मी मनात म्हटलं, तुम्ही इथं राहिलात तर मी कुठं जाऊ? ज्या गावाला काचेतून उजेड पाडणारं अक्षर मिळेल, ते माझ्या डब्यातल्या अक्षराकडे कशाला बघेल? एवढं स्पष्ट दिसत असूनही मी हो म्हणालो. कारण ते म्हणाले होते की अक्षर झ्याक आहे. कौतुकानं माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, आणि वर तो धोंडा रंगवूनही देतो.

कामाला बसलो आणि पहिला अपमान झाला. अक्षर उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं. नळी साच्यावर पालथी वाकवतात, म्हणजे दर्शनी बाजू सपाट येते. वीस वर्षं सुलट लिहिलेल्या हाताला उलटं लिहायला लावणं हा छळ आहे. दुसरा अपमान याहून मोठा. ब्रश उचलता येतो, नळी उचलता येत नाही. अक्षराचा एक भाग झाला की तीच नळी मागच्या अंगानं फिरवून पुढच्या भागाकडे न्यायची, आणि ती मागची वाट काळ्या रंगानं झाकून टाकायची, म्हणजे तिथला उजेड दिसत नाही. हे झाकायचं काम पेंटरचं. जन्मभर अक्षर दाखवायला रंग वापरला, आता लपवायला वापरत होतो.

मिस्त्रींचं काम मात्र बघत बसावं असं होतं. ज्योतीवर नळी फिरवायची, ती मऊ पडली की झटकन साच्यावर धरून वळवायची, आणि तोंडात धरलेल्या रबरी नळीतून आत फुंकर द्यायची. फुंकर कमी पडली तर वळणावर काच चपटी, जास्त झाली तर फुगा. एका अक्षराला चार-पाच वळणं. शेवटच्या वळणाला चुकलं तर सगळं अक्षर बादलीत. पहिलं अक्षर त्यांनी सात वेळा बादलीत टाकलं आणि सातही वेळा मला बरं वाटलं. आठव्यांदा आलेलं अक्षर त्यांनी फरशीवर ठेवलं. ते माझ्या अक्षरापेक्षा चांगलं होतं. माझ्या अक्षराला उठाव यायला सावली लागे, त्याला काहीच लागत नव्हतं. मी "ठीक आहे" म्हणालो आणि चहा प्यायला गेलो.

भांडण झालं ते शिरोरेघेवरून. मिस्त्री म्हणाले, रेघ कशाला? नळी वाढती, अक्षर तसंबी कळतंय.

"रेघ नसली तर अक्षरं दोरीवरनं खाली पडलेल्या धुण्यासारखी दिसतात," मी म्हणालो. "माझ्या अक्षराला रेघ पाहिजे."

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटी त्यांनी पाचही अक्षरांच्या डोक्यावरून एक सलग, वेगळ्या नळीची रेघ केली. "ह्यात काय कारागिरी न्हाई, पेंटर. दोन टोकं वळवली की झालं. तुमच्या समाधानासाठी," असं म्हणून ते हसले. मी जिंकलो होतो म्हणून मीही हसलो.

अक्षरं दौंडहून शिरूरला एसटीनं गेली. टपावर ठेवायची सोय नव्हती, म्हणून एकेक अक्षर गोधडीत गुंडाळून एकेका प्रवाशाच्या मांडीवर दिलं. कंडक्टरनं अक्षरांची तिकिटं काढावी की नाही यावर विचार केला आणि सोडून दिला. लोकांनी ती लेकरं धरावी तशी धरली. न्हावऱ्याला उतरणाऱ्या एका बाईनं आपलं अक्षर शेजारणीच्या ओटीत देताना "मान संबाळा त्याची" असंही सांगितलं. रेघ मात्र लांब होती. ती मिस्त्री आणि मी दोन टोकांना धरून शिरूरपर्यंत उभे राहिलो.

पाटी चढवली, जोडली, आणि शेठच्या हौसेप्रमाणे मुहूर्त दिवेलागणीचा धरला. पेठेतलं एकूण एक माणूस जमलं. शेठच्या मातोश्री गादीवर येऊन बसल्या. मिस्त्री शिडीवर, मी शिडी धरून. शेठनं खटका दाबला. पाच अक्षरं आणि रेघ तांबडीलाल पेटली, आणि सगळ्या पेठेनं हात जोडले.

कुणी ठरवून जोडले नाहीत. आमच्याकडे संध्याकाळचा दिवा लागला की हात आपोआप जोडले जातात, मग तो देवापुढचा असो, कंदील असो की विजेचा बल्ब. लुगडी आणि धोतरं विकणाऱ्या दुकानाचं नाव पेटलं तरी ते जोडले जाणारच. मातोश्रींनी डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडले, तोवर पाटी विझली होती.

फ्लॅशर होता तो. उघडझाप करायचंच त्याचं काम. पण ते पेठेला कुणी सांगितलं होतं? "आगं बया, दिवा गेला!" म्हणून एकच कालवा झाला. तेवढ्यात पाटी पुन्हा पेटली. लोकांनी पुन्हा हात जोडले. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा पेटली तेव्हा निम्म्यांनी जोडले आणि निम्मे शेजाऱ्याकडे बघत राहिले. एक म्हातारे आबा कावले, "ह्याला नमस्कार तरी किती येळा करायचा?"

मातोश्री मात्र हसल्या नाहीत. "दिवेलागणीला दुकानाच्या कपाळावरचा दिवा घटकंघटकंला इझवायचा? ही काय रीत झाली? उतरवा ते."

शेठ आईपुढं मान वर करणाऱ्यातले नव्हते. ते खटक्याकडे बघत राहिले. मिस्त्री शिडीवरून खाली उतरले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मुंबईचं गाठोडं त्यांना समोर दिसत होतं.

मी बोललो. का बोललो ते प्रामाणिकपणे सांगतो. मिस्त्रींची दया आली हे खरं, पण पाटी उतरली असती तर माझी अक्षरंही उतरली असती. मी म्हणालो, "आई, वरची रेघ वेगळ्या नळीची आहे. ती अखंड पेटती ठेवू. खाली नुसती अक्षरं मिचकू देत. दिवा काही जाणार नाही."

मातोश्रींनी विचार केला आणि मान हलवली. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी रेघेला वेगळा ट्रान्सफॉर्मर जोडला. संध्याकाळी रेघ पेटली, पेठेनं एकदाच हात जोडले आणि मोकळी झाली. खाली अक्षरं हवी तेवढी उघडझाप करत राहिली.

परतीच्या एसटीत मिस्त्री म्हणाले, "माझ्या बाला ह्या पेठंत पायरीखाली उभं ऱ्हाऊन कापड घ्यावं लागायचं. गावाभायेरच्या आमच्या वाड्यातल्या समद्यांनाच. दुकानदार वरनं टाकायचा, बा झेलायचा. आन् काल समदी पेठ माझ्या दिव्याला हात जोडून उभी. दिवा कुणाचा, त्ये त्यांनाबी ठावं न्हाई." ते हसले, पण नेहमीसारखे नाही.

त्यानंतर मिस्त्रींचं नशीब उघडलं आणि माझं मिटत चाललं. टॉकीजवाले येऊन गेले, लॉजवाले येऊन गेले. शिरूरच्या पेठेतून मला काम यायचं थांबलं. "जरा थांबतो पेंटर, निऑनचं बघतो," असं ज्यांच्या दुकानात धड पंखा नव्हता तेही म्हणू लागले. निऑन बसवायची ऐपत फार तर चौघांची असेल, पण वाट बघायची ऐपत सगळ्यांची होती. मी दिवसदिवस खोलीत बसे आणि कुणाची सावली दारात पडली की पटकन मान वर करी.

मग निवडणूक आली. देवानं पेंटरसाठी निवडणुका निर्माण केल्या आहेत असं माझं तेव्हाचं मत होतं. भिंती मिळाल्या, कापडी फलक मिळाले. उमेदवार कोण होता ते महत्त्वाचं नाही, तो नंतर त्यालाही आठवत नसे. मी एक भलामोठा फलक रंगवला, त्यावर हात जोडलेला उमेदवार आणि त्याच्याहून मोठी माझी अक्षरं. फलक शिरूरच्या पेठेत लावायचा होता. त्या दुपारी मी तिथंच, शेठच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर निशाणी काढत होतो.

जीपमधून पक्षाची पोरं उतरली. खांब नव्हता, झाड नव्हतं. एकानं वर बघितलं आणि म्हणाला, "हितं बांदा की, येवढं मजबूत दिसतंय." शेठचा मुलगा गादीवर होता. उमेदवाराला नाही कोण म्हणणार? त्यानंच शिडी दिली. पाटी दुपारची बंद होती. पोरांनी फलकाची सुतळी एकेका अक्षराला गुंडाळली, थेट काचेला, आणि गाठी आवळल्या. रेघ त्यांच्या हाताच्या वर राहिली.

मी खाली उभा होतो. सगळं बघत होतो. "अरे, काच आहे ती" एवढं म्हणायला शहाणपण लागत नाही, नुसता घसा लागतो. एका पोरानं मला विचारलंसुद्धा, "पेंटर, सरळ हाय का?" मी मागं सरून बघितलं आणि म्हणालो, "डावीकडं जरा वर घ्या." त्यांनी घेतलं. मी ब्रश बुडवला आणि निशाणी पुरी केली.

वैशाखाचे दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली, फलक झोळीसारखा फुगला आणि चार अक्षरं घेऊन खाली आला. पाचवं जागेवर राहिलं पण तडकलं. रेघेला काही झालं नाही.

मिस्त्रींना निरोप गेला आणि आम्ही दोघं एकाच एसटीनं शिरूरला गेलो. त्यांनी काचा वेचून गोधडीत घेतल्या. तेव्हा इनामगावला जमीन उकरायचं काम चाललं होतं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या खापराचा तुकडा सापडला तरी कागदात गुंडाळून ठेवत. इथं वर्ष न झालेली अक्षरं रस्त्यात पडली होती आणि बायका "पाय संबाळा" म्हणत त्यांच्यावरून पलीकडे जात होत्या.

"सुतळी कुणी बांदली?" मिस्त्रींनी विचारलं.

"पार्टीची पोरं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"तुमी असता तर बांदू दिली नसती," असं म्हणून ते पुन्हा वाकले आणि काचा वेचू लागले. मी दुसऱ्या बाजूला जाऊन वेचू लागलो.

आम्ही शेठकडे गेलो. मिस्त्री म्हणाले, अक्षरं नवी करून देतो. मी म्हणालो, तोवर पाटी रंगवून देतो. खरं सांगायचं तर मी मनात रंगही निवडून ठेवला होता. शेठनं दोघांना चहा दिला आणि दोघांनाही नको म्हणून सांगितलं.

"अवं, कशाला? लोक आपल्याला तांबड्या रेघेचं दुकान म्हणत्यात. न्हावऱ्याची बाई यष्टीतनं उतरली की रेघ बगून सरळ हितं येती. अक्षरं वाचतंय कोण? गिऱ्हाईक तर न्हाईच न्हाई. आन् आईलाबी ती मिचकामिचकी कवाच पसंत नव्हती."

मी गादीवर बसल्या बसल्या बाहेर बघितलं. संध्याकाळ होत आली होती. कुणीतरी खटका दाबला, रेघ पेटली, पेठेनं हात जोडले. अक्षरं नाहीत हे एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही. मी ज्यांच्यासाठी वीस वर्षं सावल्या देत होतो, ती ही माणसं. मला अपमानापेक्षा जास्त काहीतरी वाटलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. टॉकीजवाल्यांना आता अक्षरांऐवजी हिरवी रेघ हवी होती. लॉजवाल्यांना दोन रेघा. मिस्त्रींनी सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. "रेघ कुनीबी वढील. त्यापायी वीस वर्सं गाल न्हाई फुगवलं." घरात बायकोनं समजावलं, मेहुण्यानं समजावलं, ऐकलं नाही. महिन्याभरात शेडीतला पंप विकला.

मी नाही म्हणालो नाही. ज्यांना नळी परवडत नव्हती, त्यांनी रंगातली रेघ मागितली. शिरूरपासून दौंडपर्यंत दुकानांवर लाल, हिरव्या, पिवळ्या रेघा मारत सुटलो. अक्षर एकही नाही. लोक म्हणत, पेंटरचा हात चांगला आहे.

मिस्त्री मुंबईला निघाले त्या दिवशी मी त्यांच्या शेडीसमोरच एका भुसाराच्या दुकानावर रेघ मारायला उभा होतो. लांब रेघ मारायची तर गेरूत बुडवलेली दोरी दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची आणि मधे ओढून भिंतीवर आपटायची. मला दुसरं माणूस मिळत नव्हतं. मिस्त्री सामान हातगाडीवर चढवून झाल्यावर हात पुसत आले आणि न विचारता दोरीचं दुसरं टोक धरून शिडीवर चढले.

मला राहवलं नाही. मी माझ्या शिडीवरून म्हणालो, "मिस्त्री, ती सुतळी बांधत होते तेव्हा मी खालीच होतो. मी बघितलं होतं."

ते भिंतीकडेच बघत होते. "ठावं हाय मला. शेठच्या पोरानं त्याच दिशी सांगितलं, आपण शिरूरला पोचलो तवाच. काचा येचायच्या आदी." त्यांनी टोक अंगठ्यानं भिंतीला दाबून धरलं. "दोरी ताणा, पेंटर. ढिली धरलीय तुमी."

मी दोरी ताणली.